आकाशाकडे पाठ

जवळजवळ बारा वर्षं, दर वसंतात दोन महिने, मी डोंगराच्या धारेवर बसलो आणि एकही पक्षी पाहिला नाही. थाप मारत नाहीये. सकाळी सात ते संध्याकाळी पाच माझ्या डोक्यावरून हजारोंनी गरुड, घारी आणि ससाणे गेले, आणि मी मांडीवर वही घेऊन एका दगडी खोलीच्या भिंतीकडे तोंड करून बसलेलो. त्या भिंतीतला दगडन् दगड मला पाठ आहे. तिसऱ्या ओळीतल्या एकाला तर चक्क नाक आहे.

हा नियम माझ्या थोरल्या बहिणीचा. हे शिकारी पक्षी थंडी दक्षिणेला काढतात आणि वसंतात घरटी करायला उत्तरेकडे परत जातात. आमचा डोंगर त्यांच्या वाटेवर आडवा न येता लांबच लांब उभा आहे. उन्हं तापली की त्याच्या अंगाने गरम हवा वर चढते. तिच्यावर पंख पसरले की फुकटात मैलच्या मैल जाता येतं, म्हणून ते सगळे आमच्या खिंडीवरून जातात. ताई ते मोजायची. एकोणतीस वर्षं मोजले तिने. मोजायला माणसं दोन लागतात, एक पाहणारा आणि एक लिहिणारा. पाहणाऱ्याने लिहायचं नाही आणि लिहिणाऱ्याने पाहायचं नाही.

"दोघं वर बघायला लागले ना, की एकाला दिसलेलं दुसऱ्यालाही दिसायला लागतं," ती म्हणायची. "आणि आकडा डोळ्यासमोर असला की माणसाला हाव सुटते. तू आपला भिंतीकडे बघ."

दिवसाचा एकूण आकडा तिलाही पाचच्या आधी कळायचा नाही. पाच वाजले की मी बेरीज मोठ्याने वाचायचो आणि ती म्हणायची, "बरं." नऊ असोत की नऊशे, "बरं."

दुसरा नियम शून्याचा आणि रेघेचा. दिवसभर बसलो, पाहिलं आणि एकही पक्षी आला नाही, तर वहीत शून्य. वर गेलोच नाही, धुकं होतं, गारा पडल्या, ताप आला, तर आडवी रेघ. शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हते. रेघ म्हणजे कोणी पाहिलं नाही. सुरुवातीला मी एकदा धुक्याच्या दिवशी शून्य लिहिलं, तर ताईने मला असं झापलं की बस. "नव्हते हे तू कशावरून सांगतोस? तुला दिसले नाहीत म्हणून ते नव्हते का?" मी साठीचा माणूस, शाळेत टेबलाशी उभं केल्यासारखा उभा होतो.

ताईचा मूळ धंदाच मोजण्याचा. चौतीस वर्षं ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. उजवा डोळा सूक्ष्मदर्शकाच्या नळीला लावायचा, डावा उघडाच ठेवायचा, हातात खटक्याचं मोजयंत्र धरायचं आणि रक्तातल्या पेशी मोजायच्या. एक पेशी, एक खटका. डोंगरावरही तोच उजवा डोळा, तोच अंगठा, फक्त नळीच्या जागी तीन पायांवरची दुर्बीण. आकाश म्हणजे मोठी काच, असं ती म्हणायची. हा तिचा आयुष्यातला एकमेव विनोद, आणि तो तिने बरीच वर्षं पुरवून वापरला.

ती कपडे धुण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायची. जमीन कायम कोमट, खिडकीत साबणाच्या वाफेचा वास. फळीवर तपकिरी कागदाची कव्हरं घातलेल्या वह्या, भिंतीवर एक मोठं घड्याळ. पक्ष्याचं एकही चित्र नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मी मोजते त्यांना. आवडतात असं कुठं म्हटलं?"

आणि मी? मी छापखान्यात प्रुफं वाचायचो. दुसऱ्यांच्या चुकांवर माझं घर चाललं. त्यामुळे स्वभाव जो व्हायचा तोच झाला. लग्नपत्रिका आली तरी मी आधी त्यातल्या वेलांट्या बघतो. कोणाचं चुकलेलं दिसलं की मला गप्प बसवत नाही. बायको म्हणते, हा रोग आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याला माझा हा स्वभावच कारण आहे.

आधी लिहिण्याचं काम दाजी करायचे, ताईचे यजमान. बस दुरुस्त करणारे हात ते. जुन्या वह्यांत पानोपानी त्यांच्या काळ्या अंगठ्याचे ठसे आहेत. ते एका वसंतातच गेले. त्या वर्षीच्या वहीत ओळीने चार रेघा आहेत. चौथ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. "धाकट्या, तुझं अक्षर चांगलं आहे. उद्यापासून येशील का?" मी नुकताच निवृत्त होऊन घरी बसलो होतो. मी काही बोलायच्या आत आतून बायको ओरडली, "येतील, येतील! डबा मी देते!"

तर असं आमचं चाललं होतं. आता रोपवेबद्दल सांगतो.

खालच्या गावाला डोंगरावर रोपवे हवा होता. माणसं वर येणार, फोटो काढणार, चहा पिऊन खाली जाणार. त्याचे खांब नेमके खिंडीत यायचे होते आणि तारा खिंडीवर आडव्या, म्हणजे पक्षी जिथून जातात तिथेच. कित्येक वर्षं हे काम अडलं होतं ते ताईच्या वह्यांमुळे. दरवर्षी इथून इतके हजार पक्षी जातात, हे लिहिलेलं फक्त त्या वह्यांत होतं, दुसरीकडे कुठेच नाही.

दर हंगामाच्या शेवटी वनखात्याच्या कचेरीतून एक बाई येऊन वही घेऊन जात आणि नक्कल करून परत आणून देत. मी त्यांना आकडेबाई म्हणायचो. माझ्या बाराव्या वर्षी त्या हंगामाच्या सुरुवातीलाच आल्या.

"ताई, या खेपेला रोपवेचा निकाल लागणार," त्या म्हणाल्या. "हंगाम संपला की लगेच. गेल्या तीन वर्षांचे आकडे बघून ठरवायचं म्हणतायत. काळजी करू नका. तुमचे आकडे उत्तम आहेत. सगळीकडे पक्षी कमी होतायत आणि तुमच्याकडे वाढतायत!"

त्या गेल्यावर ताईने मला न विचारता माझ्या चहात साखर जास्त घातली. "वाढतायत," ती म्हणाली. भांडी विसळता विसळता पुन्हा म्हणाली, "वाढतायत हं, धाकट्या."

दोन वर्षांपूर्वी तर एका दिवसात अकराशे सहा झाले होते. ताईचा आवाज त्या दिवशी दुपारपर्यंत बसला होता आणि माझ्या दोन पेन्सिली झिजल्या होत्या. पाच वाजता मी आकडा वाचला तेव्हा ती "बरं" म्हणायचं विसरली. नुसती दुर्बिणीवर हात ठेवून उभी राहिली. मग रुमाल काढून नाक पुसलं आणि वाऱ्याला नावं ठेवली. दाजी गेल्यापासून तिला एवढी खूश मी पाहिली नव्हती.

हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी दहाचा सुमार. ऊन माझ्या पाठीवर होतं. वहीच्या पानावरून एक सावली गेली. मोठी, पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली. गरुडाची.

सावल्या नेहमीच पडायच्या. पण पक्षी इतका खालून जात असेल तर सावली माझ्या पानावर यायच्या आत ताईचा आवाज आलेला असायचा. "एक. गरुड. खालून." तो काही आला नाही. मी पेन्सिल टेकवून वाट बघत राहिलो. दुसरी सावली गेली. मग ताईचा आवाज आला, अगदी शांत. "सात. मधुबाज. खिंडीच्या डाव्या अंगाला, खूप उंच."

मी सात लिहिले. पण माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. लक्ष चुकलं असेल, म्हटलं. पंच्याहत्तरीची बाई, चुकेल एखादा. पण दुपारी आणखी दोन सावल्या गेल्या आणि त्याही मुक्याने. पान चारदा वाचूनही चूक सापडत नाही, पण ती आहे हे कळतं, तसं मला आतून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी मान वळवली. ताई दुर्बिणीला डोळा लावून उभी होती, तिचा अंगठा खटके देत होता. "चौदा… पंधरा… सोळा." मी वर पाहिलं. आकाश निळं होतं, स्वच्छ होतं आणि रिकामं होतं.

फार उंच असतील, म्हटलं. खोलीतल्या खिळ्याला दाजींची जुनी दुर्बीण टांगलेली असायची, ती हळूच काढली आणि ताईची दुर्बीण जिकडे रोखलेली होती तिकडे लावली. काहीच नव्हतं. एक ढगसुद्धा नव्हता.

चार दिवस मी ही चोरी केली. चोरीच म्हणायची ती. कधी तिने सांगितलेले पक्षी खरोखर असायचे. कधी ते नसायचेच. आणि कधी डोक्यावरून सरळ चार मोठे पक्षी जायचे आणि ती दुसरीकडे बघत रिकामं आकाश मोजत असायची. मनात पहिलं काय आलं ते सांगतो, लाज वाटते तरी. मला वाटलं, ताई खोटं मोजतेय. रोपवेसाठी. आणि खरं सांगू? मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, आयुष्यात एकदा तरी ही बाई माणसासारखी वागली.

पण चौथ्या दिवशी दुपारी वारा पडला होता आणि तिचं पुटपुटणं मला ऐकू आलं. रिकाम्या आकाशात दुर्बीण लावून ती स्वतःशीच म्हणत होती, "किती सुंदर गं बाई. किती सुंदर चाललेत."

खोटं बोलणारं माणूस असं स्वतःशी पुटपुटत नाही. तिला ते दिसत होते. एकोणतीस वर्षांत जे ती कधी कोणासमोर म्हणाली नाही, ते नसलेल्या पक्ष्यांना म्हणत होती. मी भिंतीकडे तोंड केलं आणि त्या नाकवाल्या दगडाकडे बघत बसलो. मला रडू येत होतं. तिने वारा कुठून आहे ते विचारलं, तेही मला सांगता येईना.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने क्षणभरही वेळ घेतला नाही. "अहो, मग गप्प बसा ना. ताईंना आनंद आहे, रोपवे येत नाही, पक्षी जातायत तसे जातायत. कोणाचं काय बिघडतंय?"

"आकडे चुकीचे आहेत."

"तुम्हाला कोणी प्रुफं वाचायला दिलीत का ती?"

बरोबर होतं तिचं. तीन दिवस मी गप्प बसलो. ताई सांगायची, मी लिहायचो. नसलेले चाळीस, नसलेले बावीस. संध्याकाळी बेरीज वाचायचो आणि ती "बरं" म्हणायची. माझ्या अक्षरात, माझ्या हाताने मी चूक लिहीत होतो आणि ती चूक आहे हे मला ठाऊक होतं. चौथ्या दिवशी मला ते झेपेना. लोक म्हणतील, सत्याची चाड. कसली चाड! खाज होती ती. तीस-चाळीस वर्षांची सवय होती, दुसरं काही नाही.

संध्याकाळी ताईच्या खोलीत चहा झाल्यावर मी म्हटलं, "ताई, डावा डोळा झाक आणि घड्याळ बघ."

"का?"

"बघ ना."

तिने तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खालच्या दुकानातलं यंत्र गरगरत होतं.

"किती वाजले?" मी विचारलं.

"बारा दिसतायत. तीन, सहा, नऊ दिसतायत," ती म्हणाली. मग सावकाश म्हणाली, "काटे नाहीत."

घरात वावरताना तिला काही जाणवलंच नव्हतं, कारण डावा डोळा सगळं सांभाळून घ्यायचा. ती सुईत दोरा ओवायची, पेपर वाचायची. तो डावा फक्त एकाच ठिकाणी कामाला नसायचा, दुर्बिणीपाशी. चौतीस वर्षं पेशी आणि एकोणतीस वर्षं पक्षी ज्या डोळ्याने मोजले, तोच आतून गेला होता.

मी तिला सगळं सांगितलं. सावल्या, चोरून पाहणं, रिकामं आकाश. दाजींच्या दुर्बिणीचंही सांगितलं. तिने कप विसळून पालथे घातले. शेवटी एवढंच म्हणाली, "कधीपासून?"

तेच तिने डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग मरत जातो. जिथं दिसत नाही तिथं काही जणांच्या बाबतीत मेंदू आपल्या मनाने चित्र भरतो. कोणाला जाळी दिसते, कोणाला माणसं दिसतात. "तुम्ही आयुष्यभर पक्षी बघितलेत, तुम्हाला पक्षी दिसले. यात वेड लागण्यासारखं काही नाही, आजी." उपचाराने जे उरलंय ते थोडं टिकेल, गेलेलं येणार नाही. दुसऱ्या डोळ्यातही सुरुवात होती.

"कधीपासून?" ताईने पुन्हा विचारलं.

"नक्की कसं सांगू? दोन वर्षं तरी झाली असतील. कदाचित थोडी जास्त."

घरी आल्याबरोबर तिने फळीवरून वह्या काढायला सांगितल्या. चालू वर्षाची आणि मागच्या दोन. टेबलावर ओळीने मांडायला लावल्या.

"रेघा मार," ती म्हणाली.

"कशावर?"

"सगळ्यांवर. तीनही वर्षं. रोजच्या आकड्यावर काट आणि पुढे रेघ. माझ्याच्यानं सरळ यायची नाही, तू मार."

माझा तोल गेला. मी ओरडलोच. म्हटलं, अर्धे तरी पक्षी खरे होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत ते! तीन वर्षांच्या रेघा दिल्या तर निकालाच्या कागदावर काय जाणार? आकडे नाहीत असं जाणार. पुढच्या वर्षी खिंडीत खांब उभे राहतील. त्या तारांवर कोण आपटणार आहे? खरे पक्षीच ना?

"कुठले?" ताई म्हणाली.

"काय कुठले?"

"खरे कुठले, तेवढं सांग. तेवढे ठेवू."

मी पानं चाळली. खरे कुठले, याची खूण एकाही पानावर नव्हती.

"आणि आज हे ठेवलं," ती म्हणाली, "तर आधीच्या सव्वीस वर्षांवर कोणी का विश्वास ठेवावा? मी तरी का ठेवावा?"

मी पट्टी घेतली आणि बसलो. चालू वर्षाचे तीसेक दिवस झाले. मागच्या वर्षाचे एकसष्ट झाले. ती शेजारी बसून होती. प्रत्येक रेघेला पट्टी सरकल्याचा आवाज तिला ऐकू येत असावा, कारण तिची बोटं टेबलावर हलायची, खटक्याशिवाय. मग तिसरी वही उघडली, दोन वर्षांपूर्वीची. एक एक दिवस करत मी त्या पानाशी आलो. अकराशे सहा. माझं अक्षर घाईत बिघडलेलं, समासापर्यंत आकडेच आकडे.

मी थांबलो. ताईला कळलं कोणतं पान आहे ते.

"डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन तरी, म्हणाले."

"हो."

"म्हणजे हा दिवस अलीकडे असेल नाहीतर पलीकडे असेल."

"हो, ताई."

 मग तिने असं काही विचारलं की त्याची मला कधी अपेक्षा नव्हती. नियम तिचा, आणि तो मोडला असेल अशी आशा तिच्याच आवाजात होती.

"धाकट्या, त्या दिवशी तू वर पाहिलं होतंस का रे?"

हो म्हणायला माझं काय जात होतं? "पाहिलं होतं गं, चोरून पाहिलं होतं, आकाश भरलं होतं नुसतं," एवढं म्हणायचं होतं. पाहणारा दुसरा साक्षीदार मिळाला असता. एक दिवस राहिला असता. दाजींनंतरचा तिचा सगळ्यात मोठा दिवस. आकाशभर पक्षी गेले असतील, हाताच्या अंतरावरून गेले असतील, आणि मी शहाण्यासारखा भिंतीकडे बघत बसलो होतो, कारण तिने तसं सांगितलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ताई म्हणाली.

मी रेघ मारली.

आकडेबाई वह्या न्यायला आल्या तेव्हा त्यांना बसवून ताईने स्वतः सगळं सांगितलं. त्या बाई भल्या होत्या. वही बंद करून म्हणाल्या, "ताई, मी हे ऐकलंच नाही असं समजा. खाडाखोड नसलेली नक्कल मी करते." ताईने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली. बाई जिना उतरून गेल्या, खाली दुकानाच्या दारात थांबून त्यांनी डोळे पुसले, हे मी खिडकीतून पाहिलं.

हंगामाचे शेवटचे दिवस उरले होते. ताई म्हणाली, "एकदा वर ने मला."

तिचा हात धरून चढलो. चाळीस मिनिटांची वाट, दीड तास लागला. वर गेल्यावर ती सवयीने दुर्बिणीच्या जागी उभी राहिली, मग वळली आणि माझ्या दगडावर, भिंतीकडे तोंड करून बसली. वही मांडीवर घेतली, पण उघडली नाही.

"तू बघ आज," ती म्हणाली. "चोरून नको. नीट बघ."

साडेदहाला ते आले. आधी एक ठिपका, मग दोन, मग खिंडीच्या मागून गोल गोल फिरत चढणारा अख्खा भोवरा. नावं माहीत होती, पण कुठला कोणता ते मला कळत नव्हतं. मी वेड्यासारखा ओरडत होतो, "ताई, मोठं आहे! काळं आहे! खूप आहेत गं!"

"ओरडू नकोस. पंख कसे धरलेत? सपाट की वर उचललेले?"

"सपाट. टोकं फाकलेली."

"शेपूट?"

"आखूड. रुंद."

"गरुड. किती?"

"थांब. नऊ… नाही, बारा."

"एका टोकापासून मोज. पुढचा गेला की मागे वळून बघायचं नाही."

दिवसभर असं चाललं. मी सांगायचो आणि ती पाठमोरी बसून नावं द्यायची. भोवत्या, मधुबाज, ससाणा. ससाण्याला तर मी नुसतं "फटकन् गेलं काहीतरी" म्हणालो तरी तिने ओळखलं. खटक्याचं मोजयंत्र माझ्या हातात होतं. अंगठा दुखून आला तरी मला थांबावंसं वाटेना. एवढं सगळं बारा वर्षं माझ्या पाठीमागे चालू होतं आणि मला पत्ता नव्हता. एकदा एक गरुड इतक्या खालून गेला की त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याची सावली ताईच्या मांडीवरून, बंद वहीवरून गेली. तिने ती जागा बोटांनी चाचपली.

पाच वाजता मी आकडा वाचला. तीनशे अठ्ठेचाळीस.

"बरं," ती म्हणाली.

"लिहू?"

"नाही. पाहणारा शिकलेला हवा. तू गरुड आज पहिल्यांदा नीट पाहिलास. ह्याला मोजणी म्हणत नाहीत, धाकट्या."

"अगं पण होते ते! खरे होते! तीनशे अठ्ठेचाळीस!"

"होते ना," ती म्हणाली. "मी कुठं नाही म्हणते?" आणि रेघेसाठी वही माझ्यापुढे धरली.

पुढच्या वर्षी खिंडीत खांब आले. आता डब्यांतून माणसं वर जातात. आमची दगडी खोली पाडून तिथे बाकं टाकली आहेत, नाकवाला दगड कुठे गेला कोण जाणे. ताईचा दुसरा डोळाही बराचसा गेला. वसंत आला की ती खिडकीशी बसते आणि मला वारा कुठून आहे ते विचारते. मी सांगतो. पक्षी किती जातात, तारांवर किती आपटतात, हे ती विचारत नाही आणि आता ते मोजणारंही कोणी नाही.

वह्या माझ्याकडे आहेत. त्या तीनशे अठ्ठेचाळीसच्या दिवसाचं पान मी कधीकधी उघडतो. तारीख आहे, वारा आहे, ऊन आहे, आणि पुढे माझ्या हाताची, पट्टीने मारलेली सरळ रेघ आहे. वाचणाऱ्याला एवढंच कळेल की त्या दिवशी डोंगरावर कोणी पाहिलं नाही. बारा वर्षांत ताईने मला वर बघायला सांगितलं तो तेवढा एकच दिवस होता.